उन्हासावलीचा छंद



आज मी तुमच्याशी माझ्या एका छंदाविषयी बोलणार आहे. मी पेशाने प्राध्यापक. छत्रपती संभाजीनगरातील एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आठवडाभर वर्ग, तास, उत्तरपत्रिका यांत दिवस जातात. आणि रविवारी पहाटे खांद्याला एक पिशवी अडकवून मी घराबाहेर पडतो. पिशवीत कॅमेरा, पाण्याची बाटली आणि घरून बांधून दिलेली दोन धपाटी. कधी म्हैसमाळची वाट धरतो, कधी दौलताबादचा घाट, कधी पैठणकडे नाथसागराचा काठ. तिथे जाऊन मी फोटो काढतो. लग्नामुंजीचे नव्हेत, डोंगराचे, झाडांचे, ढगांचे, नांगरून ठेवलेल्या रानाचे.

आमच्या शेजारच्या गृहस्थांना या छंदाचे भारी नवल वाटते. एकदा पहाटे जिन्यात गाठ पडली, तेव्हा ते म्हणाले, "सर, एवढी झोपमोड कशाला करता? डोंगर काय पळून जाणार आहे? सावकाश काढा की फोटो." मी हसलो आणि पुढे गेलो. त्यांच्या प्रश्नाला तेव्हा माझ्यापाशी धड उत्तर नव्हते. ते मला पुष्कळ वर्षांनी मिळाले. तेच आज तुम्हाला सांगायचे आहे; पण त्याआधी हा छंद मला लागला कसा आणि त्याने मला काय शिकवले, ते थोडक्यात ऐका.

१९९९ साली मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. मामांनी त्यांचा जुना कॅमेरा मला देऊन टाकला. तो रिळाचा जमाना होता. एका रिळात छत्तीस फोटो. रीळ विकत घ्या, मग ते धुऊन घ्या, मग कागदावर छापून घ्या, पायरीपायरीला पैसे. पहिले रीळ भरून मी मोठ्या दिमाखात वेरूळला गेलो. एस. टी.ने भर बारा वाजता तिथे उतरवले. मला दम कुठला? तासाभरात चौतीस फोटो काढून मोकळा झालो. दोन उरले होते, ते परतीच्या गाडीची वाट पाहताना, साडेचारच्या सुमारास, पुन्हा आत जाऊन काढले.

आठ दिवसांनी स्टुडिओतून पाकीट आणले आणि उघडून पाहतो तो काय! आभाळ पांढरेफटक, कातळ काळाठिक्कर, आणि जगाने नावाजलेले ते कैलास लेणे जणू कोळशाची वखार. चौतीस फोटो वाया गेले होते. शेवटचे दोन मात्र असे उतरले होते, की हत्तीच्या सोंडेवरची वळी न् वळी मोजून घ्यावी. कॅमेरा तोच, रीळ तेच, काढणारा अडाणीही तोच. बदलले होते ते फक्त ऊन.

या छंदातला पहिला धडा मी असा पैसे मोजून शिकलो. वेरूळचा डोंगर दक्षिणोत्तर पसरला आहे आणि लेण्यांची तोंडे पश्चिमेकडे आहेत. त्यामुळे सकाळभर लेण्यांचे दर्शनी भाग डोंगराच्या सावलीत राहतात. माध्यान्ही ऊन डोक्यावर येते आणि प्रत्येक मूर्तीच्या कपाळाची सावली तिच्याच डोळ्यांवर पडते. तीन वाजून गेले, की ऊन समोरून तिरपे येऊ लागते आणि दगडाला उठाव येतो. कैलास लेणे तर आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणलेले. कोरून काढलेली जागा सुमारे २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद, आणि मागची भिंत १०७ फूट उंच. एवढ्या खोल जागेत ऊन आपल्या सवडीने उतरते, तुमच्या गाडीच्या वेळापत्रकाप्रमाणे उतरत नाही. तिथेच दहाव्या क्रमांकाचे विश्वकर्मा लेणे आहे. मार्च महिन्यात काही दिवस मावळतीचे ऊन त्याच्या गवाक्षातून आत शिरते आणि थेट बुद्धमूर्तीच्या मुखावर पडते. ते पाहायला लोक मुद्दाम जमतात.

अजिंठ्याची तऱ्हा निराळी. तिथला कडा वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालेसारखा वळला आहे. म्हणून एका लेण्यासमोर ऊन असते तेव्हा दुसरे सावलीत असते. आतल्या चित्रांसमोर फ्लॅश मारायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. दीड हजार वर्षांचे ते रंग प्रखर उजेडाने फिके पडण्याचा धोका असतो. बेनॉय बहल या छायाचित्रकारांनी १९९०च्या दशकात तिथली चित्रे टिपली, ती आत झिरपणाऱ्या मंद उजेडातच, कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवून. पुढे ती पुस्तकरूपाने जगभर गेली. उजेड थोडा असला तरी चालतो, थांबण्याची तयारी मात्र पुष्कळ लागते.

आता कॅमेरा हे सगळे करतो तरी कसे? तुमच्यापैकी शेतकरी मंडळींना हे समजावून सांगायला मला मुळीच कष्ट पडत नाहीत. तुम्ही रात्री दारे धरता. पाटाचे पाणी वाफ्यात सोडता. पाट रुंद केला तर वाफा लवकर भरतो. अरुंद ठेवला तर उशिरा भरतो. पाणी कमी पडले तर पीक कोरडे राहते, जास्त झाले तर वाफा फुटतो. कॅमेऱ्यातही अगदी असेच आहे. पाण्याच्या जागी प्रकाश धरा. भिंगाचे तोंड म्हणजे पाटाचे दार, ते लहानमोठे करता येते. त्याच्या मागे एक पडदा असतो, तो क्षणभर उघडतो आणि मिटतो. किती क्षण उघडा ठेवायचा, म्हणजे दारे किती वेळ धरायचे. वाफा कमी भरला तर फोटो काळा, फुटला तर फोटो पांढराफटक. तिसरी गोष्ट जमिनीच्या जातीची. एखादी जमीन थोड्या पाण्यात भिजते, एखादीला पुष्कळ लागते; तसे कॅमेऱ्यातील पटलही कमीजास्त हळवे करता येते. एवढे तीन हिशेब ज्याला कळले, त्याला निम्मे छायाचित्रण कळले.

पण कॅमेरा हा कितीही महाग असला तरी थोडा भाबडा असतो, बरे का. समोर काळे आहे की गोरे, हे त्याला कळत नाही. तो सगळ्या जगाला मध्यम राखाडी समजून चालतो. हिवाळ्यात आमच्या बिबी का मकबऱ्यासमोर उभे राहा. त्याचे प्रवेशद्वार दक्षिणेला आहे, आणि थंडीच्या दिवसांत सूर्यही दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे दर्शनी बाजू दिवसभर उजळलेली असते. घुमट संगमरवराचा, बाकीच्या बऱ्याच भागावर पांढरा गिलावा. ते पांढरे पाहून कॅमेरा बिचकतो, उजेड फार झाला असे समजून दार लोटून घेतो, आणि मकबरा मळकट येतो. उलट दौलताबादच्या काळ्या कातळासमोर त्याला वाटते, उजेड फारच कमी. तो दार सताड उघडतो, आणि कातळ राखेसारखा दिसू लागतो. म्हणून पांढऱ्यासमोर कॅमेऱ्याला थोडा जास्त उजेड द्यावा, काळ्यासमोर थोडा कमी. तुमच्या मोबाइलवरही हे करता येते. पडद्यावर बोट टेकवा, आणि ते वर किंवा खाली सरकवा; बहुतेक मोबाइलवर चित्र उजळते किंवा गडद होते. आपण याला छायाचित्र म्हणतो, कोणी प्रकाशचित्र म्हणतात. मला वाटते दोघेही बरोबर आहेत. छाया आणि प्रकाश यांचा वाटा ठरवणे, एवढेच काम आपल्याकडे असते.

मोबाइलचे नाव निघाले म्हणून आणखी दोनचार साध्या गोष्टी सांगून टाकतो. महागडा कॅमेरा घेतल्याशिवाय छंद सुरू होत नाही, हा समज सोडून द्या. आधी मोबाइलचे भिंग स्वच्छ फडक्याने पुसा. खिशातली धूळ आणि बोटांचे तेल निम्म्या फोटोंचा नाश करते. लांबची वस्तू जवळ दिसावी म्हणून पडद्यावर चिमटीने ताणू नका. पायांनी चालत जवळ जा. जलाशयाची किंवा रानाची रेघ सरळ ठेवा, नाही तर पाणी एका अंगाने सांडते आहे असे वाटते. नुसता दूरचा डोंगर घेतला तर चित्र रिकामे वाटते. जवळ काहीतरी असू द्या, एखादी बाभळ, बांधावरचा दगड, सोडलेली बैलगाडी. मग नजरेला पाय ठेवायला जागा मिळते आणि ती त्यावरून डोंगरापर्यंत चालत जाते.

आणि ऋतूंकडे लक्ष द्या. आपला मराठवाडा रुक्ष आहे असे बाहेरचे लोक म्हणतात. ते बहुधा एप्रिल-मे महिन्यांत येऊन गेलेले असतात. तेव्हा हवेत धूळ भरते आणि चार कोसांवरचा डोंगरही पुसट होतो. तेच एखादी वळवाची सर पडून गेली, की हवा धुऊन निघते आणि तोच डोंगर हाताशी आल्यासारखा दिसतो. श्रावण-भाद्रपदात म्हैसमाळच्या पठारावर ढग जमिनीवरून चालतात. पौषातल्या पहाटे गोदेच्या काठी धुके असते. फाल्गुनात पळस फुलतो, तेव्हा पानगळीच्या रानात जागोजाग पेटलेले दिसते. हे सगळे आपल्या दारात आहे. त्यासाठी काश्मीरला जायचे कारण नाही.

आता इतिहासाचा मास्तर आहे म्हणून थोडे जुने सांगतो. १८१९ सालच्या एप्रिल महिन्यात जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज अधिकारी शिकारीसाठी अजिंठ्याच्या रानात हिंडत असताना त्याला लेणी दिसली, आणि जगाला त्यांचा नव्याने पत्ता लागला. १८४४ साली तिथल्या चित्रांच्या नकला करण्यासाठी मद्रासच्या फौजेतील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची नेमणूक झाली. तो अजिंठ्यालाच राहिला. उन्हाळे-पावसाळे काढत, अंधाऱ्या लेण्यांत बसून त्याने मोठमोठ्या नकला रंगवल्या आणि त्या विलायतेला गेल्या. १८६६ सालच्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली. वीस वर्षांच्या त्या कामातील बहुतेक सगळी चित्रे एका आगीत जळून गेली.

पण गिल तोवर आणखी एक गोष्ट शिकला होता. तो कॅमेरा चालवू लागला होता. त्या काळी कॅमेरा म्हणजे पेटाराच. काचेच्या पट्टीवर औषध लावायचे, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा, आणि लगोलग अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. आपल्याकडच्या उन्हात ते किती जिकिरीचे झाले असेल, याची कल्पना करा. गिलने काढलेल्या फोटोंची पुस्तके १८६४ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या एकात इमारतींबरोबर निसर्गाचीही शंभर चित्रे आहेत, जोडभिंगातून पाहिली की खोली दिसावी अशी दुहेरी काढलेली. नकला जळाल्या, फोटो मात्र अनेक प्रतींनी अनेक घरांत गेले होते, म्हणून टिकले. गिल १८७९ साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

दुसरे नाव राजा दीनदयाळ यांचे. ते रुडकीला शिकले आणि इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला लागले. नोकरी सांभाळून, निव्वळ हौस म्हणून, १८७४च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. ती हौस अशी वाढली, की पुढे ते हैदराबादच्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले. आपला भाग त्या वेळी निजामाच्या मुलखात होता. म्हणून वेरूळ, दौलताबाद, मकबरा यांची त्यांनी काढलेली चित्रे आज पाहायला मिळतात. फावल्या वेळात सुरू केलेल्या छंदाचे हे फळ.

मी ही जुनी चित्रे वर्गात मुलांना दाखवतो. पण ती दाखवताना मला एक गोष्ट फार दिवस टोचत होती. इंग्रज अधिकाऱ्याने लेणी टिपली, दरबारी छायाचित्रकाराने किल्ले टिपले. आपली खेडी कोणी टिपली?

आमचे मूळ गाव गोदावरीच्या काठी होते. 'होते' म्हणतो, कारण आज ते नाथसागराच्या पाण्याखाली आहे. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली धरण पुरे झाले. धरणाने मराठवाड्याला पाणी दिले. मी ज्या शहरात राहतो, त्याच्या नळालाही तेच पाणी येते. ते पाणी पिऊन धरणाला नावे ठेवण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. पण त्यासाठी शंभरावर गावांना आपली घरे आणि जमिनी सोडाव्या लागल्या. त्यांत आमचेही गाव होते.

माझा जन्म नव्या गावठाणातला. जुने गाव मला ठाऊक होते ते आजीच्या तोंडून. घराला पूर्वेकडे दार, दारात लिंब, लिंबाखाली उखळ, मागे आड. मारुतीच्या देवळाचा चौथरा, आणि तिथून नदीकडे उतरणारी वाट. मी फोटो काढू लागलो तेव्हा आजी फार थकली होती. एकदा माझ्या फोटोंचा गठ्ठा मांडीवर घेऊन ती एकेक पाहत बसली. वेरूळ झाले, दौलताबाद झाले, मकबरा झाला. सगळे पाहून म्हणाली, "चांगले हायेत रे. पर बाळा, आपल्या घराचा न्हाई का एखादा?"

नव्हता. गावात कोणाकडेच नव्हता. गाव उठले तेव्हा गावात कॅमेरा नव्हता. मोजणीच्या कागदावर घराची लांबी-रुंदी आहे, मोबदल्याचा आकडा आहे. दारातला लिंब काही त्यात उतरलेला नाही. मी आजीला म्हटले, "नाही गं आजी." तिने गठ्ठा नीट बांधून माझ्या हातात दिला. २००४ साली ती गेली.

२०१६ सालचा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले, तोच उन्हाळा. नाथसागराचे पाणी दूरवर मागे हटले. मे महिन्यात नात्यातल्या एकाचा फोन आला, की जुन्या गावातला देवळाचा चौथरा वर आला आहे. मी वडिलांना, अण्णांना, घेऊन निघालो. भेगाळलेल्या गाळावरून आम्ही चालत होतो. अण्णांचे वय तेव्हा एकसष्ट, गुडघे दुखरे. पण त्या दिवशी मीच मागे पडत होतो. चौथऱ्यापाशी ते थांबले. तिथून त्यांनी पावले मोजायला सुरुवात केली, मध्येच वळले, पुन्हा मोजली. गाळातून दगडांची एक ओळ डोकावत होती. "हा उंबरा," ते म्हणाले. बाजूला उखळ होते, अर्धे गाळात रुतलेले. अण्णा उंबऱ्याच्या आत दोन पावले गेले आणि एका जागी उभे राहिले. "इथं माय बसायची दळायला," एवढेच बोलले.

दुपारचे बारा वाजले होते. ज्या वेळी फोटो काढू नये असे मघाशी मी तुम्हाला सांगितले, नेमकी ती वेळ. माझी सतरा वर्षांची विद्या मला सांगत होती, की संध्याकाळपर्यंत थांब. पण अण्णा त्या क्षणी तिथे उभे होते. मी कॅमेरा काढला आणि फोटो घेतला. हात थरथरत होता. आभाळ पांढरेफटक आले, रेघ तिरकी आली, अण्णांचा चेहरा टोपीच्या सावलीत बुडाला. माझ्या हजारो फोटोंत इतका सदोष फोटो क्वचितच असेल.

अण्णांनी तो छापून आणायला लावला आणि ट्रंकेत सातबाऱ्याच्या कागदांबरोबर ठेवून दिला. मी म्हटले, "अण्णा, चौकट करून भिंतीवर लावू या का?" ते म्हणाले, "कशाला? हा घराचा उतारा आहे आपल्या. उतारा कुणी भिंतीला लावतं का?"

त्याच वर्षी पाऊस चांगला झाला. पाणी वर चढले, आणि चौथरा, उंबरा, उखळ पुन्हा खाली गेले. शेजाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले. डोंगर पळून जात नाही हे खरे. पण गाव जाते, झाड जाते, नदीची वाळू जाते, आड बुजतो, आणि ते ओळखणारी माणसेही जातात. आजीला मी तो फोटो दाखवू शकलो नाही.

तेव्हापासून माझ्या छंदाला वेगळे वळण लागले. मी आजही चांगल्या उन्हाची वाट पाहतो. सुंदर चित्र उतरले की आजही हरखतो. पण दर फेरीत एक तरी फोटो असा काढतो, की जो सुंदर नसला तरी चालेल, खरा असावा. तो कुठला, कधीचा, कोणत्या दिशेने पाहून काढला, हे मी त्याच्या पाठीवर लिहून ठेवतो.

इथे मला शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती करायची आहे. तुमच्या गावात चार जागा निवडा: गावाची वेस, पाणवठा, एखादे जुने झाड, आणि टेकडीवरून दिसणारे सारे गाव. प्रत्येक ठिकाणी उभे राहण्याची खूण म्हणून एक दगड रोवा. मग वर्षातून चारदा त्याच दगडावर उभे राहून, त्याच दिशेने, दिवसाच्या त्याच वेळी मुलांकडून फोटो काढून घ्या. दिवस लक्षात ठेवायला सोपे आहेत. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशी झेंडावंदनाला मुले जमतातच. चौथा दिवस २ ऑक्टोबर. थंडी, उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळा सरतानाचे दिवस, असे चारही काळ त्यात आपोआप येतात. फोटो काढताना मागच्या वेळचा फोटो हातात धरावा आणि कडेच्या खुणा जुळवून घ्याव्यात. मुले हे काम फार आवडीने करतात.

फोटो नुसते मोबाइलमध्ये ठेवू नका. मोबाइल पाण्यात पडतो, बिघडतो, हरवतो. आणि हजार फोटोंच्या गर्दीत कामाचा फोटो सापडतही नाही. वर्षाचे सोळा फोटो कागदावर छापून घ्या, एका जाड वहीत चिकटवा, आणि खाली तारीख, वेळ, जागा लिहा. मुलांकडून एकेक ओळही लिहून घ्या: आडाला किती पाणी होते, झाडाला पालवी होती का, रानात कोणते पीक होते. एक प्रत शाळेत असू द्या, दुसरी ग्रामपंचायतीत. गिलच्या नकला एका जागी होत्या म्हणून एका आगीत गेल्या, हे विसरू नका.

पाच वर्षांत अशा वहीत ऐंशी फोटो होतील. त्यांतून मुले भूगोल शिकतील, निबंधाला विषय मिळतील, आणि गावालाही आपले रूप कळेल. बंधारा बांधण्याआधी ओढा कसा होता, हे सांगायला मग कोणाच्या आठवणीवर विसंबावे लागणार नाही. २०२० सालच्या जून महिन्यात बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, आणि ती चित्रे देशभर पसरली. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आला, असे संशोधकांनी तपासून सांगितले. पण बदल झाला, तो किती झाला, हे डोळ्यांना पटले ते सरोवराचे आधीचे फोटो शेजारी ठेवल्यावरच.

जाता जाता चार पथ्ये. दुसऱ्याच्या रानात शिरताना मालकाला विचारावे. उभ्या पिकातून चालू नये. माणसाचा फोटो त्याला विचारल्याशिवाय काढू नये, पाणवठ्यावरच्या बायाबापड्यांचा तर नाहीच. हिवाळ्यात नाथसागरावर रोहित पक्षी उतरतात. ते उडताना छान दिसतात म्हणून त्यांना हुसकावू नये, आणि कोणत्याही पक्ष्याच्या घरट्याजवळ जाऊ नये. कड्याच्या टोकावर, धबधब्याच्या निसरड्या दगडावर, रेल्वेच्या रुळावर उभे राहून फोटो काढण्याचा मोह टाळावा. फोटोपायी जीव गमावलेल्या तरुणांच्या बातम्या आपण वाचतोच.

एवढे सांभाळलेत, की या छंदाला खर्च थोडा आणि आनंद पुष्कळ. पहाटे उठण्याची सवय लागते, चालणे होते, रोजचेच झाड नव्याने दिसू लागते. माझे म्हणाल, तर आता माझा मुलगा कधीमधी माझ्याबरोबर येतो. मागच्या खेपेला नाथसागराच्या काठी उभे राहून त्याने विचारले, "बाबा, आपलं गाव कुठे होतं?" पाणी काठोकाठ होते, दाखवायला काही नव्हते. घरी आल्यावर अण्णांनी ट्रंक उघडली, तो कागद काढला आणि त्याच्यासमोर धरला. मग उंबरा कुठला, उखळ कुठले, आणि लिंब कुठे असायचा, हे बोट ठेवून दाखवत दोघे कितीतरी वेळ बसले होते.

तुमच्या दारातला लिंब अजून उभा असेल. येत्या रविवारी, ऊन कलते झाले की, त्याचा एक फोटो काढा आणि पाठीवर तारीख घाला.